वाघ चांदोलीत आणला, आता दुसऱ्या वाघाचीही वाट राखा

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



पाऊस उघडला, भाताच्या लोंब्या पिवळ्या पडल्या, की शिराळ्याच्या पश्चिम भागात, वारणेच्या खोऱ्यात, बांधाबांधावर खुळखुळा वाळू लागतो. शेंगा तडकायच्या बेतात असतात. गुरे राखणारी पोरे त्या कानाशी धरून वाजवतात, म्हणून तर नाव खुळखुळा. ऑक्टोबरअखेरच्या एखाद्या सकाळी अशा वाळक्या झुडपापाशी पाच मिनिटे थांबावे. लांबून वाटते, काटकीला काळी पाने लागली आहेत. जवळ गेले की पाने उघडतात आणि काळ्या पंखांवर फिकट निळ्या रेघा आणि ठिपके दिसतात. ही फुलपाखरे फुलावर नव्हे, मेलेल्या काटकीवर बसलेली असतात. पायांनी साल खरवडतात, सोंडेतून थेंबभर द्रव सोडतात, त्यात जे विरघळेल ते पुन्हा शोषून घेतात. पुढ्यात हात नेला तरी पटकन उडत नाहीत. जवळपास सगळे नर असतात. खुळखुळ्यात एक विषारी अल्कलॉइड असते, त्यासाठी ही गर्दी. त्यातून मादीला भुलवणारा गंध तयार होतो, आणि त्यातलेच थोडे विष मीलनाच्या वेळी मादीला आंदण म्हणून जाते. पुढे ते अंड्यांना राखणीला येते. उसाआधी हिरवळीच्या खतासाठी शेतकरी जो ताग पेरतात, तो याच खुळखुळ्याचा सख्खा भाऊ.

अभ्यासक या फुलपाखराला डार्क ब्लू टायगर म्हणतात. म्हणजे हाही वाघच. हे पत्र त्याच्या वतीने आहे.

मोठ्या वाघाकडे सरकारचे लक्ष आहे, हे शिराळकर पाहत आहेत. चांदोलीला १९८५ मध्ये अभयारण्याचा आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० मध्ये चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला, १,१६५ चौरस किलोमीटरचा. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारशात घेतल्या, त्यांत चांदोली आहे. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये थेट ताडोबातून वाघीण आणून चांदोलीत सोडली गेली. गाड्या, पशुवैद्य, कॉलर, बातम्या, सगळे झाले. त्यात गैर काही नाही. पण त्याआधी राधानगरीत कॅमेऱ्याने टिपलेला एक नर स्वतःच्या पायांनी चांदोलीत पोचला होता, आणि त्याच्यासाठी ना पिंजरा लागला ना ट्रक. त्याला लागली ती मधल्या गावांच्या शिवारांतून जाणारी, कुठे रुंद कुठे निमुळती, झाडीची वाट. ती वाट उद्यानाच्या नकाशावर नाही. ती सातबाऱ्यावर आहे.

छोट्या वाघाची गोष्टही तीच आहे, मंत्रिमहोदय.

डार्क ब्लू टायगर, ब्लू टायगर, कॉमन क्रो आणि डबल-ब्रँडेड क्रो ही फुलपाखरे दक्षिण भारतात दरवर्षी स्थलांतर करतात. मोसमी पाऊस येण्याच्या आत, साधारण एप्रिल ते जून, ती पश्चिम घाटातून पूर्वेच्या मैदानांकडे आणि पूर्व घाटाकडे निघतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उलटी वाट धरून घाटात परततात. मूळ मराठी असलेले आणि बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संस्थेत संशोधन करणारे कृष्णमेघ कुंटे यांनी २००५ मध्ये या थव्यांचा मांडलेला अभ्यास आजही पायाभूत मानला जातो. कोणत्या जाती जातात, नर-मादीचे प्रमाण काय, थवे कोणत्या दिशेने सरकतात, हे त्यात आले. २०१८ मध्ये वैशाली भौमिक आणि कुंटे यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: या काळातल्या माद्या अंड्यांवरचा खर्च आखडता घेतात आणि उड्डाणाकडे वळवतात. दुष्काळी भागातले बिऱ्हाड ऊसतोडीला निघताना घरात जेवढे लागेल तेवढेच ठेवते आणि बाकीचे गाडीत घालते, तसलाच हा हिशेब.

पण मुळात निघायचेच कशाला?

वारणेच्या उगमाकडचे पाथरपुंज हे गाव याचे उत्तर देते. २०१९ च्या पावसाळ्यात या गावाने चेरापुंजीलाही मागे टाकले होते. एका मोसमात सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे काय, हे वारणाकाठच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. त्याच पाण्यावर ३४.४० टीएमसीचे चांदोली धरण भरते आणि त्याच पाण्याने खालची गावे पुरात जातात. अशा पावसात अर्ध्या ग्रॅमचा जीव पंख वाळवणार कधी आणि उडणार कधी? तो पावसाच्या पुढे पळतो. पूर्वेला पाऊस बेताचा असतो, तिकडे त्याच्या अळ्यांना खायला वेली असतात, तिकडे पिढी वाढते. मग पूर्व किनाऱ्याचा परतीचा पाऊस आणि इकडची उघडीप यांचा मेळ साधून पुढची पिढी परतते. जे गेले ते आणि जे आले ते एकच फुलपाखरू नसते. वारकऱ्यांच्या दिंडीत आजोबांच्या जागी नातू चालावा, तसे.

परतल्यावर त्यांना हवी असते सावली आणि ओल. हिवाळा-उन्हाळ्याचे महिने ही मंडळी ओढ्याकाठच्या दाट झाडीत, घळीत, एकमेकांना खेटून लटकून काढतात. दुपारचे ऊन वर कातळावर पोळत असते, तेव्हा घळीतल्या जांभळाखाली हवा ओलसर आणि थंड राहते. हिरडा, अंजन, जांभूळ यांचे डोक्यावरचे छत्र गेले की खाली घळ उरते, पण गारवा उरत नाही. नकाशावर तो ओढा तसाच निळ्या रेघेने काढलेला असतो. फुलपाखराच्या दृष्टीने तो गेलेला असतो.

आता तोडीबद्दल.

चांदोलीच्या गाभ्यात कुऱ्हाड चालते, असे या पत्राचे म्हणणे नाही. तिथे पहारा आहे. घाव बसतो तो गाभ्याच्या बाहेर, मालकी रानात. वखारवाला गावात येतो, डोंगराचा उक्ता सौदा करतो. झाडे मोजली जातात, अर्ज होतो, परवाना मिळतो, वाहतुकीचा पास निघतो. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याचे कागद पुरे होतात. आणि अशा रीतीने, एकही गुन्हा न घडता, एका उन्हाळ्यात ओढ्याच्या दोन्ही अंगांची राई संपते. अर्ज तपासताना झाड कोणत्या जातीचे, त्याचा घेर किती, जमीन कोणाची, हे पाहिले जाते. ते झाड ओढ्यापासून किती हातांवर आहे, त्याच्या खोडावर कोणती वेल चढली आहे, हे तपासणे कोणाच्याच रकान्यात बसत नाही. ब्लू टायगरच्या अळ्या हिरणदोडीसारख्या वेलींवर वाढतात. वखारीच्या हिशेबात वेलीला किंमत नसते. ती कोयत्याच्या एका फटक्यात जाते, तीही झाडाला दोर बांधायला जागा हवी म्हणून.

दुसरा घाव वणव्याचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर पेटवला की पुढच्या पावसात गवत जोमाने येते, हा समज घाटमाथ्यावर अजून पक्का आहे. काही वणवे विडीने लागतात, काही हातांनी लावले जातात. रात्री खालच्या गावातून पाहिले तर डोंगराच्या कमरेला लाल साखळी घातल्यासारखी दिसते. पाहुणे तिचे फोटोही काढतात. नेमक्या त्याच महिन्यांत घळींच्या काठाला फुलपाखरे लटकलेली असतात.

या दोन्ही गोष्टी सांगितल्या की शहरातला निसर्गप्रेमी लगेच म्हणतो, बंदी घाला, दंड वाढवा. हे पत्र त्याच्या बाजूने नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने विनापरवाना तोडीचा दंड एक हजार रुपयांवरून पन्नास हजारांवर नेण्याचे ठरवले, तेव्हा कोकणातून जी नाराजी उमटली ती खोटी नव्हती. ज्याने बापजाद्यांपासून डोंगर राखला त्याला चोर ठरवायचे आणि ज्याने पंचवीस वर्षांपूर्वीच डोंगर भुंडा करून टाकला त्याला विचारायचेही नाही, असा तो न्याय झाला असता. रान राखणाऱ्याच्या पदरी काय पडते, हा मालकी रानाच्या शेतकऱ्याचा प्रश्न साधा आहे आणि त्याला आजवर कोणी सरळ उत्तर दिलेले नाही. मुलीच्या लग्नाला, आईच्या ऑपरेशनला, बोअरला पैसा लागतो तेव्हा त्याच्याकडे विकण्यासारखे तेच असते. फुलपाखरू रजिस्टर ऑफिसात तारण चालत नाही.

आणि या तालुक्याला 'संरक्षण' या शब्दाचा अनुभव पुष्कळ आहे.

चांदोली अभयारण्य झाले तेव्हा गावे उठली. घरे गेली, भातखाचरे गेली, गावदेव मागे राहिले. पुनर्वसनाचे प्रश्न घेऊन अभयारण्यग्रस्त आजही आंदोलनाला बसतात. त्यांनी सोडलेल्या खाचरांत आता गवत वाढते आणि गव्यांचे कळप चरतात. पर्यटकाला ते 'नैसर्गिक कुरण' म्हणून दाखवले जाते. उठलेल्या गावठाणांत आंबे, वड, उंबर उभे आहेत. कॉमन क्रोच्या अळीला वड-उंबराच्या कुळातला पाला चालतो. म्हणजे विस्थापित माणसाने लावलेल्या, पारावर पूजलेल्या झाडांवर आज राष्ट्रीय उद्यानातली फुलपाखरे वाढतात. जंगल आणि माणूस वेगळे काढणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

नागपंचमीचेही तेच. बत्तीस शिराळ्यात जिवंत नाग पकडून पूजण्याची रीत होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा बडगा पुढे आला, २००२ मध्ये उच्च न्यायालयाने मनाई केली, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे पंचमी पोलीस बंदोबस्तात साजरी झाली. २०२५ मध्ये केंद्राने शिक्षणासाठी आणि पारंपरिक ज्ञान पुढे देण्यासाठी २१ जणांना नाग पकडण्याची मुभा दिली. या निर्णयाबद्दल मतभेद असू शकतात, आहेतही. नागाला खेळवणे थांबले हे बरेच झाले, आणि या पत्राचे म्हणणे त्याच बाजूचे आहे. पण एक गोष्ट नोंदवायला हवी: नाग कुठल्या बिळात असतो, कुठल्या महिन्यात बाहेर पडतो, हे या गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते, आणि ते ज्ञान कामाला लावायला व्यवस्थेला तेवीस वर्षे लागली. फुलपाखरांच्या बाबतीत एवढा उशीर परवडणार नाही.

आता थोडे बाहेरचे उदाहरण. वनविभागाला ते माहीत असेलच, पण मंत्र्यांच्या टेबलावर ते पूर्ण जाते की नाही, कोण जाणे.

मेक्सिकोतल्या मिचोआकान प्रांतात तीन हजार मीटर उंचीच्या डोंगरांवर ओयामेल नावाच्या फर वृक्षांचे रान आहे. कॅनडा आणि अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडून मोनार्क फुलपाखरे हिवाळ्यात तिथे येतात आणि झाडे दिसेनाशी होतील इतक्या संख्येने लटकतात. स्थानिक गावांना हे अर्थातच ठाऊक होते. जगाला १९७५ मध्ये कळले. १९८६ मध्ये मेक्सिको सरकारने हुकूम काढून सुमारे १६ हजार हेक्टर रान राखीव केले आणि गाभ्यातली तोड बंद केली. जमीन गावांच्या सामुदायिक मालकीची, लाकूड हेच उत्पन्न, आणि मोबदला जवळजवळ शून्य. परिणाम व्हायचा तोच झाला. आज ना उद्या जाणारच आहे तर आपणच तोडू, असे म्हणून लोकांनी उलट जास्त झाडे पाडली. २००० मध्ये राखीव क्षेत्र वाढवून ५६,२५९ हेक्टर केले गेले, पण या वेळी सोबत एक निधी उभा केला. ज्या गावांकडे तोडीचे परवाने होते, त्यांनी ते सोडून दिले की न तोडलेल्या लाकडाच्या घनमीटरमागे पैसे. रान राखले की त्याचे वेगळे. सगळे सुरळीत झाले असे नाही. चोरटी तोड चालू राहिली, आणि एल रोसारियोच्या रानाचा राखणदार ओमेरो गोमेस, जो स्वतः आधी लाकूडतोडीच्या धंद्यात होता, जानेवारी २०२० मध्ये बेपत्ता झाला आणि दोन आठवड्यांनी विहिरीत मृतावस्थेत सापडला. पण गाभ्यातली मोठी तोड उतरली, आणि ती हुकमापेक्षा हिशेबाने उतरली.

ते रान इतके महत्त्वाचे का, हे लिंकन ब्रॉवर या शास्त्रज्ञाने आयुष्यभर सांगितले. दाट छत्र हे फुलपाखरांची छत्रीही आहे आणि घोंगडीही. छत्राला भोक पडले की पाऊस आत येतो, आणि भिजलेले फुलपाखरू कोरड्यापेक्षा लवकर गोठते. जानेवारी २००२ मध्ये पावसामागोमाग कडाक्याची थंडी पडली आणि कोट्यवधी मोनार्क जमिनीवर पडून मेले. घोंगडी विरळ झाली की काय होते, ते धनगरवाड्यावर वेगळे समजवायला नको.

याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे, आणि ती शिराळ्याला जास्त लागू पडते. मोनार्कांनी व्यापलेले रान १९९६-९७ च्या हिवाळ्यात १८.१९ हेक्टर होते. २०१३-१४ मध्ये ते ०.६७ हेक्टरवर आले. २०२४-२५ मध्ये थोडे सावरून १.७९. रान बरेचसे वाचले, तरी थवे का आटले? कारण अमेरिकेतल्या मक्या-सोयाबीनच्या शेतांत तणनाशकाने मिल्कवीड नावाचे झाड संपत गेले, आणि मोनार्कच्या अळ्या दुसरे काही खात नाहीत. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्या गोतातले. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक शिराळ्यात आहे. शनिवारी त्याच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ पडते. मोनार्कचा भारतीय चुलतभाऊ प्लेन टायगर याच रुईच्या पानामागे अंडी घालतो. रुईचा चीक अळीच्या अंगात मुरतो, फुलपाखराच्या अंगात राहतो, आणि त्याला खाल्लेला पक्षी पुन्हा त्या वाटेला जात नाही. बांध साफ करण्याच्या नादात रुई, खुळखुळा, हिरणदोडी सगळ्यांवर एकच फवारणी होते. चांदोलीतला एकही वृक्ष न पडता फुलपाखरे कमी होऊ शकतात, ती अशी.

तैवानमध्ये २००७ मध्ये एका द्रुतगती महामार्गाची एक मार्गिका स्थलांतराच्या काळात फुलपाखरांसाठी बंद ठेवली गेली, आणि थवे गाड्यांच्या वरून जावेत म्हणून कडेला चार मीटर उंच जाळ्या लावल्या. ती फुलपाखरे पर्पल क्रो, म्हणजे आपल्या बांधावरच्या कॉमन क्रोच्या वंशातलीच. महामार्ग अडवा असे हे पत्र म्हणत नाही. पण मनात आणले तर केवढे करता येते, ते पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडे मात्र गाडी मसुद्यावर अडली आहे. माधव गाडगीळ यांच्या समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन यांचा २०१३ चा. २०१४ पासून पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. सहावा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडचा डोंगर कोसळला त्याच्या दुसऱ्या दिवसाचा: ५६,८२५.७ चौरस किलोमीटर, त्यांपैकी महाराष्ट्राचे १७,३४०. दर मसुद्याला गावागावांत घबराट होते, 'घर बांधता येणार नाही, गोठा बांधता येणार नाही' अशा अफवा उठतात, राजकीय पक्ष निवेदने देतात, मुदत संपते. यातून एक अनर्थ होतो, त्याकडे कोणी पाहत नाही. बंदी येणार या भीतीनेच वखारवाल्याला रान विकले जाते. मेक्सिकोने १९८६ मध्ये केलेली चूक आपण अधिसूचना न काढताच करत आहोत.

गाडगीळांचा एक जुना धागा इथे धरता येईल. त्यांनी वा. द. वर्तक यांच्यासोबत सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. देवराई राखायला ना पहारेकरी होता ना अधिसूचना. गावाचा शब्द होता, आणि शब्द मोडला तर देवीचा कोप. कोपाची भीती आता उरलेली नाही, आणि ती पुन्हा आणावी असेही नाही. पण राखायचे काय हे गाव ठरवते आणि गावाला ते पटलेले असते, ही गोष्ट अजून चालू शकते. त्यासाठी कोपाच्या जागी आता मोबदला ठेवावा लागेल.

म्हणून, मंत्रिमहोदय, मागणे पुढचे.

मालकी रानातल्या तोडीचा परवाना देताना ओढ्याच्या दोन्ही काठांचा पट्टा वगळावा. किती मीटरचा, ते प्रत्येक घळीच्या उतारावरून वनरक्षक आणि मालक यांनी मिळून जागेवर ठरवावे. मुंबईतून एकच आकडा पाठवू नये. आणि वगळलेल्या प्रत्येक झाडाचे भाडे मालकाला मिळावे. दंड नव्हे, अनुदान नव्हे, भाडे: झाड उभे आहे तोवर दरवर्षी, थेट खात्यात. पैसा कुठून, असा प्रश्न येईल. राज्याकडे कॅम्पाचा निधी आहे, जो तोडलेल्या रानाच्या बदल्यात नवे रान लावायला मिळतो. एक खड्डा, एक रोप, एक फलक आणि तीन वर्षांनी वाळलेली काठी, हे चित्र कुणालाही नवे नाही. त्यातला काही वाटा उभे रान उभेच ठेवायला वापरता यावा, यासाठी नियम बदलावे लागतील तर राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा. व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या गावांसाठी जन-वन विकास योजना आहेच. तिच्यात गॅस शेगडी आणि कुंपण येते, मग राखलेली घळ का येऊ नये?

वणव्यासाठी तर नवा पैसाही फारसा लागणार नाही. जाळरेषा फेब्रुवारीत नव्हे, डिसेंबरात काढाव्यात, आणि त्या कामाची मजुरी त्याच गावात राहावी. ज्या गावच्या शिवारात वर्षभर वणवा लागला नाही त्या गावाला बक्षीस द्यावे. पेटवणाऱ्याला पकडण्यापेक्षा हे स्वस्त पडेल आणि भांडणेही कमी होतील.

आणि मोजणी. कोईम्बतूरच्या फुलपाखरू अभ्यासकांनी तमिळनाडूत स्थलांतराच्या नोंदी ठेवल्या. कोणता थवा कुठून कुठे गेला, हे हौशी माणसांनी वहीत लिहिले म्हणून आज शास्त्रज्ञांच्या हाती काही आहे. सह्याद्रीच्या या टोकाला तेच व्हावे. मणदूरपासून गुढे-पाचगणीच्या पवनचक्क्यांच्या पठारापर्यंत दहा ठिकाणे नेमावीत, वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरअखेर, ठरल्या दिवशी ठरल्या तासाला, तिथल्याच पोरांनी मोजावे. वाघाच्या गणनेला कॅमेरे लागतात. या वाघाच्या गणनेला वही, पेन्सिल आणि दिवसाची मजुरी पुरेल. २०१५ मध्ये राणी पाकोळीला राज्य फुलपाखराचा मान देऊन असे करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. सावंतवाडी तालुक्यातल्या पारपोलीला फुलपाखरांचे गाव म्हणून ओळख मिळाली. मान आणि ओळख झाली. आता दहा घळींची नोंदवही हवी.

नोंद झाली की एक अडचणही पुढे येईल, ती आत्ताच सांगून ठेवलेली बरी. आकडे वाईट निघू शकतात. तसे निघाले तर ते दडपू नयेत आणि त्यांवरून लगेच नवी बंदीही घोषित करू नये. आधी त्या गावाच्या ग्रामसभेत ते वाचून दाखवावेत.

या पत्राचे उत्तर विभागाच्या छापील नमुन्यात आले तरी चालेल. पण ते सप्टेंबरच्या आत यावे. पाऊस सरला की मालकी तोडीचे अर्ज येऊ लागतात, आणि खुळखुळा त्यानंतर महिन्याभरात वाळतो.

कळावे.

आपला,
शिराळा तालुक्याच्या पश्चिम भागातील एक रहिवासी